चित्राऐवजी मजकूर: ऑल्टची कुळकथा

वेबपानावरच्या चित्रामागे एक ओळ दडलेली असते. डोळस वाचकाला ती सहसा दिसत नाही. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मात्र तीच मोठ्याने वाचतो. डेव्हलपर तिला ‘ऑल्ट’ म्हणतात. आज ती अंधांसाठीची सोय म्हणून शिकवली जाते, पण तिचा जन्म त्यांच्यासाठी झालेला नाही.

फेब्रुवारी १९९३मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात मार्क अँड्रीसन ‘मोझेक’ ब्राउझरवर काम करत होते. मजकुरातच चित्र दाखवायची सर्वमान्य पद्धत तेव्हा नव्हती. २५ फेब्रुवारीला त्यांनी वेबवर काम करणाऱ्या इतरांपुढे प्रस्ताव ठेवला: ‘आयएमजी’ नावाचा टॅग आणि त्यात चित्राच्या फाइलचा पत्ता. या टॅगला बंद करणारा जोडीदार नव्हता, म्हणजे आत काही लिहायला जागाच नव्हती. ब्राउझरला चित्र उघडता आलं नाही, तर त्याने हवं ते करावं. मोझेक अशा वेळी एक ठरावीक चिन्ह लावणार होता. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्यासह काहींनी वेगळ्या वाटा सुचवल्या. अँड्रीसन यांनी मात्र आपला टॅग मोझेकमध्ये घातला. मोझेक झपाट्याने पसरला आणि त्याच्याबरोबर टॅगही.

अडचण झाली ती अक्षरांपलीकडे काही दाखवू न शकणाऱ्या ब्राउझरांची. कॅन्सस विद्यापीठातला ‘लिंक्स’ त्यांतला नामवंत. शिवाय मोडेम इतके संथ, की चित्रं बंद ठेवूनच पानं वाचणारे पुष्कळ होते. त्यांच्यासाठी आयएमजीला ऑल्टचं ठिगळ लागलं. वेबपानं लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या नोव्हेंबर १९९५च्या २.० आवृत्तीत त्याचं काम नोंदलं आहे ते असं: यंत्राची मर्यादा किंवा वापरणाऱ्याची आवड यांमुळे चित्र दाखवायचं नसेल, तर त्याऐवजी वापरायचा मजकूर. ते लिहिणंही ऐच्छिक होतं.

याहून चांगली रचना त्याच काळात कागदावर होती. डेव्ह रॅगेट यांनी आधी एचटीएमएल प्लस आणि मग एचटीएमएल ३.०च्या मसुद्यात ‘फिग’ हा टॅग मांडला होता. त्याला सुरुवात होती, शेवट होता आणि मधल्या जागेत परिच्छेद, याद्या, दुवे असं काहीही लिहिता येत होतं. चित्र दाखवता न येणारा ब्राउझर तो मजकूर दाखवणार होता. पण मसुदा बारगळला आणि जानेवारी १९९७च्या एचटीएमएल ३.२मध्ये फिग उरला नाही. गुंतागुंतीचा नकाशा असो वा आलेख, त्याचा सारा अर्थ एका साध्या, अदृश्य ओळीत बसवायची वेळ आली, ती आयएमजीला आतली जागा नसल्यामुळे.

दरम्यान अंध वापरकर्त्यांची वेगळीच ओढाताण चालली होती. जॉज हा स्क्रीन रीडर १९८९मध्ये डॉससाठी आला होता. तिथे पडद्यावर अक्षरंच असल्याने वाचणं सोपं होतं. विंडोजच्या चित्रमय पडद्याने ते अवघड केलं. मजकुराचं वेब त्यांना सोयीचं होतं, पण लवकरच मेनू आणि बटणंही चित्रांची झाली. त्या चित्रांना ऑल्ट नसला, की स्क्रीन रीडर फाइलचं नाव किंवा दुव्याचा पत्ता वाचू लागे. लिंक्ससाठी लावलेलं ठिगळ या वाचकांना वारशात मिळालं, आणि मग तेच त्याचे मुख्य धनी झाले.

नियम मागाहून आले. डिसेंबर १९९७च्या एचटीएमएल ४.०ने ऑल्ट सक्तीचा केला. मे १९९९मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यांत पहिलंच कलम चित्र आणि ध्वनीला पर्यायी मजकूर देण्याचं होतं.

नियमाला दात आहेत हे दिसलं सिडनीत. २००० सालच्या ऑलिम्पिकचं संकेतस्थळ आपल्याला वापरता येत नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. ऑल्टचा अभाव हा तिच्यातला एक मुद्दा होता. दुरुस्तीला फार वेळ आणि पैसा लागेल, हा आयोजकांचा बचाव आयोगाने मानला नाही. पूर्ण दुरुस्ती न झाल्याने अखेर त्यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

ब्राउझरांनी घोळ घातला तो निराळाच. इंटरनेट एक्सप्लोरर माउस चित्रावर नेताच ऑल्टची ओळ पिवळ्या चौकटीत दाखवायचा. त्यामुळे ही ओळ चौकटीसाठीच आहे, असा समज रुजला. कोणी तीत जाहिरात भरली, कोणी चौकट नको म्हणून ती कोरी ठेवली. २००९मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीने आपल्या प्रमाणित अवस्थेत ही सवय सोडली.

कोरा ऑल्ट मात्र चूकच असतो असं नाही. नव्वदच्या दशकात मांडणी सांभाळायला एका पिक्सेलची पारदर्शक चित्रं पानभर पेरत. प्रत्येकाला ‘जागा भरणारं चित्र’ असं नाव दिलं, तर ऐकणाऱ्याचा जीव नकोसा होईल. ऑल्ट लिहून रिकामा ठेवला, की स्क्रीन रीडर त्या चित्राला वगळतो. ऑल्ट मुळात लिहिलाच नाही, तर त्याला अंदाज बांधावा लागतो. शोभेची नक्षी आणि विसरलेलं चित्र यांतला फरक यंत्राला कळतो तो एवढ्यावरूनच.

२०१६मध्ये फेसबुकने चित्र ओळखून आपोआप वर्णन लिहायला सुरुवात केली, आणि आता अशी साधनं बरीच झाली आहेत. ती झाड, माणूस, समुद्र अचूक सांगतील. पण तोच समुद्र पर्यटनाच्या पानावर ठिकाणाची ओळख असतो, भरतीच्या बातमीत पुरावा आणि बँकेच्या पानावर नुसती शोभा. तिघांचा ऑल्ट वेगळा, तिसऱ्याचा रिकामा. चित्र तिथे कशासाठी लावलं, हे लावणाऱ्यालाच ठाऊक असतं, म्हणून ही ओळ लिहिण्याची जबाबदारीही अजून त्याचीच आहे.