प्रयोगशाळेंतील अबोल साक्षीदार

हिंदुस्थानांत सरकारी रासायनिक परीक्षकाचें पद प्रथम १८४९ सालीं मद्रास येथें निर्माण झालें. विषप्रयोगाचा संशय आला कीं मृताच्या आंतड्यांचे अंश बरणींत बंद करून त्याजकडे पाठविण्यांत येत. १८९८ च्या फौजदारी संहितेंत, कलम ५१० अन्वयें, परीक्षकास कोर्टांत न बोलावतांही त्याचा लेखी अहवाल पुराव्यांत घेतां येई. न्यायाची ही मोठी सोय झाली. परंतु अहवाल कोर्टांत गेला आणि माणूस मात्र प्रयोगशाळेंतच राहिला. ज्याच्या निष्कर्षावर एखाद्याचा प्राण अवलंबून, त्यास खटल्याचा निकाल कळेलच असें नव्हतें.

श्रेयाचीही कथा तीच. १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी स्थापन झाली. ठशांच्या वर्गीकरणांतील गणिती काम अझीझुल हक यांनीं केलें, हेमचंद्र बोस यांनीं त्यांत भर घातली. पण ती पद्धति जगभर गाजली ती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नांवानें. त्या दोघांचा गौरव झाला, पण बऱ्याच वर्षांनीं.

ही जुनी उपेक्षा आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यभागासही लागू पडते. जुन्या चांदा जिल्ह्यांतून १९८२ सालीं गडचिरोली वेगळा झाला. तेथें १९९३ पासून दारूबंदी आहे, तर चंद्रपुरांत ती २०१५ पासून २०२१ पर्यंत होती. बंदी आली कीं जप्त दारूचे नमुनेही तपासणीस आले. एकीकडे त्याच त्या बाटल्यांचा कंटाळा, दुसरीकडे अंगावर शहारे आणणारे प्रसंग. १ मे १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १ मे २०१९ रोजीं कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथें सुरुंगस्फोटांत १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक मृत्यु पावले. अशा प्रसंगीं स्फोटकांचे अंश आणि देहांचे अवशेष कोणाला तरी शांत चित्तानें तपासावे लागतात.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता अमलांत आली. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञानें घटनास्थळीं जावें, असें ती सांगते. राज्यांना त्यासाठीं पांच वर्षांची मुदत आहे. म्हणजे आजवर बरणींतून येणारें दुःख परीक्षकास आतां प्रत्यक्ष पाहावें लागणार.

त्याचें मन खंबीर राहावें म्हणून करावयाच्या गोष्टी अवघड नाहींत. कामाच्या मानानें माणसें पुरेशीं असावीं. भीषण प्रकरणें एकाच्याच वांट्यास सतत येऊं नयेत. कठीण तपासणीनंतर वरिष्ठानें जवळ बसवून विचारपूस करावी. मनाच्या वैद्याकडे जाणाऱ्याच्या बढतीस बाध येऊं नये. खटल्याचा निकाल त्यास कळवावा, आणि चांगल्या कामाचें श्रेय त्याच्याच नांवावर जमा व्हावें.

ही केवळ दया नव्हे. शिणलेल्या हातून एक चिठ्ठी चुकीच्या बाटलीवर लागली, तर निरपराध तुरुंगांत जातो आणि अपराधी मोकळा सुटतो. परीक्षकाच्या मनःस्वास्थ्याची काळजी हा न्यायदानाचाच भाग आहे.