मदुरेची एक चिठ्ठी

'मी कोण?' हा प्रश्न वेदान्ताच्या पोथ्यांत फार जुना आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला पोथीहून दस्तऐवज प्रिय. या प्रश्नाचा असा एक दस्तऐवज आहे, आणि तो अवघ्या काही ओळींचा आहे.

२९ ऑगस्ट १८९६ रोजी मदुरेच्या शाळेतला वेंकटरमण नावाचा सोळा वर्षांचा मुलगा घर सोडून तिरुवण्णामलैस निघाला. पुढे जग त्याला रमण महर्षी म्हणू लागले. भावाच्या कॉलेजच्या फीसाठी मिळालेल्या पाच रुपयांपैकी तीन त्याने घेतले. दोन चिठ्ठीसह मागे ठेवले. तमिळमधील या चिठ्ठीचा आरंभ 'मी'ने होतो. पुढे तो 'मी' नाहीसा होऊन त्याच्या जागी 'हे' येते, जणू निघालेली एखादी वस्तूच! आणि शेवटी सहीच्या जागी नुसती रेघ.

पळून जाणारा मुलगा सही कशाला करील, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. पण घरचे त्याचे अक्षर ओळखणारच होते. शिवाय 'मी'चा 'हे' का झाला, याचा उलगडा त्या शंकेने होत नाही.

याआधी सहाएक आठवडे मृत्यूच्या भयाने त्याला एकाएकी गाठले, तेव्हा प्रेतासारखे पडून 'देह मेला तर मरते कोण?' हे त्याने पाहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मात्र ती पुष्कळ वर्षांनी सांगितलेली, नरसिंहस्वामींच्या १९३१ च्या इंग्रजी चरित्राने दूरवर पोचलेली. मधल्या काळात तिला वेदान्ताची परिभाषा चिकटली नसेलच, असे आम्हांस म्हणवत नाही. चिठ्ठी मात्र त्याच दिवसाची, आणि तोवर या मुलाने उपनिषदे वाचलेली नव्हती. शैव संतांची चरित्रे, 'पेरियपुराणम्', मात्र वाचली होती. अनुभव आधी, शास्त्र मागाहून, असाच क्रम आम्हांस दिसतो.

१९०२ साली महसूल खात्यातील शिवप्रकाशम् पिळ्ळै यांनी त्यांना हाच प्रश्न विचारला. महर्षी तेव्हा बोलत नसत. उत्तरे लिहून मिळाली. मन म्हणून वेगळा पदार्थ नाही, तो विचारांचा समूह. त्यांतला पहिला विचार 'मी'. तो उठतो कोठून, ते पाहावे. ही प्रश्नोत्तरे १९२३ साली छापली गेली. त्यांत 'देह मी नव्हे, इंद्रिये मी नव्हेत' अशी लांबलचक यादी आहे. वेदान्ताचा परिचय असलेल्यांना तीच सर्वांत ओळखीची वाटते, आणि गंमत अशी की नेमकी तीच महर्षींची नव्हे. ती पिळ्ळै यांनी परंपरेतून घातलेली.