माऊस, यूएसबी जोडणीचा
माऊस, यूएसबी जोडणीचा : संगणकाच्या पडद्यावरील दर्शक हाताच्या हालचालीने फिरविणारे परिसरीय साधन. डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी आवरणाचा पहिला माऊस तयार केला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. यूएसबी या सामाईक जोडणीचे पहिले मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर माऊस व मुद्रक यांना निरनिराळ्या खाचा लागत.

यूएसबी माऊस जोडला जाताच आपला प्रकार संगणकास कळवितो व प्रचालन प्रणाली स्वतःजवळील सर्वसाधारण चालक आज्ञावली त्यास लावते. ही सोय मोठी खरी, परंतु तिचे मर्मस्थानही तेच होय; कारण ती एक आज्ञावली बिघडली, की सर्व बनावटींचे माऊस एकदमच निरुपयोगी होतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका अद्ययावतीकरणात जुनी चालक आज्ञावली काढली गेली व नवी बसविण्याचे राहून गेले. त्यामुळे काही संगणकांवरील यूएसबी साधने बंद पडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या अद्ययावतीकरणानंतर दुरुस्तीसाठी असलेल्या पुनःप्राप्ती विभागातच यूएसबी माऊस व कळफलक चालेनासे झाले. बिघाड दुरुस्त करण्याच्या जागीच हात बांधले जावेत, हा प्रकार विलक्षणच म्हटला पाहिजे. जुन्या पीएस/२ खाचेचे माऊस मात्र तेथे चालत होते. २० ऑक्टोबर रोजी मायक्रोसॉफ्टने हा दोष दूर केला.

अशा वेळी नवा माऊस विकत आणण्याची घाई बहुधा व्यर्थ ठरते. प्रथम तोच माऊस दुसऱ्या संगणकास लावून पाहावा. तेथे तो चालल्यास दोष साधनाचा नव्हे. नंतर खाच बदलावी, मध्ये जोडपेटी असल्यास ती काढावी व संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. एवढ्याने न भागल्यास कळफलकाच्या साहाय्याने साधन-व्यवस्थापक उघडून माऊसची नोंद काढून टाकावी. संगणक पुन्हा सुरू होताना ती नव्याने होते. शेवटचा उपाय म्हणजे ते अद्ययावतीकरणच मागे घेणे.

नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय केवळ सोयीचा नाही. शहादे तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. नोंदणीच्या संचातील बोटांचे ठसे घेणारे यंत्र व बुबुळे टिपणारा कॅमेरा ही साधनेही यूएसबीनेच संगणकास जोडलेली असतात. माऊसप्रमाणे सर्वसाधारण आज्ञावलीवर त्यांचे भागत नाही. निर्मात्याची स्वतंत्र आज्ञावली लागते. नव्या प्रणालीशी ती जुळली नाही, तर यंत्र धडधाकट असूनही ठसा उमटत नाही आणि दूरच्या पाड्यावरून आलेल्या माणसाची खेप वाया जाते. [⟶ संगणक].