टाइम ट्रायल सायकलच्या फ्रेम : वायुगतिकीय तुलना

२३ जुलै १९८९ रोजी ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीचा अखेरचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस असा २४.५ किलोमीटरचा होता. हा टप्पा सुरू होताना फ्रान्सचा लॉरां फिन्यों अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडपेक्षा ५० सेकंदांनी आघाडीवर होता. लेमाँडने हे अंतर ताशी सुमारे ५४.५ किलोमीटर या सरासरी वेगाने कापले, फिन्योंपेक्षा ५८ सेकंद कमी घेतले आणि तीन आठवडे चाललेली शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. त्याच्या सायकलला ट्रायथलॉनमध्ये वापरले जाणारे, दोन्ही हात जवळ घेऊन पुढे टेकवता येतील असे हँडल होते आणि डोक्यावर मागे निमुळते होत जाणारे शिरस्त्राण होते. फिन्यों साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने आणि केसांची शेपटी बांधून धावला. हवेचा रोध या विषयाकडे सायकलिंगचे जग गांभीर्याने पाहू लागले, त्यामागे या ८ सेकंदांचा मोठा वाटा आहे.

टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत. यात सायकलस्वार ठरावीक अंतराने एकेक करून सोडले जातात. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्याची मुभा नसते. संपूर्ण हवा ज्याची त्यालाच कापावी लागते. म्हणूनच या शर्यतीसाठी वेगळ्या फ्रेम घडवल्या जातात आणि ‘आमचीच फ्रेम सर्वांत वेगवान’ असा दावा बहुतेक प्रत्येक उत्पादक करतो. हे दावे नेमके कसे तपासले जातात आणि त्यांचा अर्थ कसा लावावा, हे समजून घेणे उद्बोधक ठरते.

हवेच्या रोधाचे गणित

सपाट रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि आकाराचा रोधगुणांक यांच्या गुणाकाराला ‘सीडीए’ म्हणतात. चांगल्या टाइम ट्रायलपटूचा सीडीए ०.२३ चौरस मीटर धरला, तर केवळ हवेसाठी ताशी ४० किलोमीटरला सुमारे १९० वॅट आणि ताशी ५० किलोमीटरला सुमारे ३७० वॅट शक्ती लागते. म्हणजेच वेग सव्वापट झाला की शक्ती जवळजवळ दुप्पट खर्ची पडते.

आता फ्रेम बदलून सीडीए ०.२३० वरून ०.२२५ वर आला असे समजू. तेवढीच शक्ती लावून ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या स्पर्धकाचे ४० किलोमीटरच्या शर्यतीत सुमारे २० सेकंद वाचतील. ताशी ३५ किलोमीटरने जाणाऱ्या हौशी स्पर्धकाचे मात्र त्याच बदलामुळे सुमारे २७ सेकंद वाचतील, कारण तो रस्त्यावर अधिक वेळ असतो. वायुगतिकीचा लाभ केवळ अतिवेगवान खेळाडूंनाच होतो, हा समज त्यामुळे बरोबर ठरत नाही.

गोल नळीपासून छाटलेल्या थेंबापर्यंत

जुन्या पोलादी फ्रेमच्या नळ्या गोल असत. गोल नळीवरून वाहणारी हवा मागच्या बाजूस पृष्ठभागापासून सुटते, तेथे भोवरे निर्माण होतात आणि कमी दाबाचा पट्टा नळीला मागे ओढतो. तेवढ्याच जाडीची नळी थेंबाच्या आकाराची केली, तर हवा पृष्ठभागाला धरून वाहते आणि समोरून येणाऱ्या प्रवाहात रोध सुमारे दहापटीने घटू शकतो. बाहेर लोंबणारी ब्रेकची बारीक गोल केबलही त्यामुळे दिसते त्याहून कितीतरी अधिक रोध करते. आजच्या फ्रेममध्ये केबल आत दडवलेल्या असतात त्या याच कारणाने.

या विचाराचे सर्वांत गाजलेले फळ म्हणजे ‘लोटस १०८’. इंग्लंडच्या माइक बरोज यांच्या संकल्पनेवर आधारलेली ही सायकल नळ्या जोडून केलेली नव्हती. ती कार्बन फायबरचे एकसंध कवच होती. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने या सायकलवर ४,००० मीटर वैयक्तिक पाठलाग शर्यतीच्या अंतिम फेरीत जर्मनीच्या येन्स लेहमनला गाठून सुवर्णपदक जिंकले. पदक माणसाचे की यंत्राचे, हा वाद तेव्हापासून धगधगत राहिला.

पुढच्याच वर्षी या वादाला वेगळे वळण मिळाले. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेमधील हामार येथे स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री याने स्वतः बनवलेल्या सायकलवर एका तासात ५१.५९६ किलोमीटर जाऊन विश्वविक्रम केला. या सायकलमध्ये धुलाईयंत्राचे बेअरिंग वापरले होते, ही गोष्ट पुढे दंतकथेसारखी सांगितली गेली. तिची खरी ताकद मात्र बसण्याच्या पद्धतीत होती. ओब्री दोन्ही हात छातीखाली दुमडून घेत असे. सहाच दिवसांनी बोर्डमनने फ्रान्समधील बोर्दो येथे कार्बनच्या सायकलवर ५२.२७० किलोमीटरचा नवा विक्रम केला.

नियमांची चौकट

तंत्रज्ञानाच्या या शर्यतीला आवर घालण्यासाठी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, १९९६ मध्ये ‘लुगानो सनद’ जाहीर केली. तिच्यावर आधारलेले नियम २००० पासून लागू झाले. फ्रेमला पारंपरिक दुहेरी त्रिकोणाचा आकार असावा, दोन्ही चाके सारख्या व्यासाची असावीत, सायकलचे वजन किमान ६.८ किलो असावे, सीटचे टोक पॅडलच्या आसाच्या किमान ५ सेंटीमीटर मागे असावे, अशी ही बंधने होती. नळीची लांबट बाजू जाडीच्या तिपटीपेक्षा अधिक नसावी, असाही दंडक होता. २०११ पासून नव्या फ्रेमना बाजारात येण्यापूर्वी यूसीआयची मान्यता घेण्याची पद्धत सुरू झाली.

या बंधनातूनच एक नवा आकार पुढे आला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांनी मोटारींच्या संदर्भात असे मांडले होते, की थेंबाची निमुळती शेपटी मध्येच सरळ छाटली तरी तिचा बराचसा फायदा कायम राहतो. २००९ मध्ये ट्रेक कंपनीने ‘स्पीड कॉन्सेप्ट’ या टाइम ट्रायल सायकलसाठी हेच तत्त्व वापरले. असा छाटलेला आकार नियमात बसतो, वजनाला हलका व अधिक ताठ राहतो आणि आडव्या वाऱ्यातही बरा वागतो. नळ्यांच्या जाडीविषयीचे नियम पुढे टप्प्याटप्प्याने शिथिल झाले आणि पुन्हा अधिक सडपातळ फ्रेम दिसू लागल्या.

टोकियो ऑलिंपिकसाठी ब्रिटिश संघाने २०१९ मध्ये सादर केलेल्या होप आणि लोटस यांच्या ट्रॅक सायकलने आणखी एक वाट चोखाळली. तिच्या पुढच्या चिमट्याच्या दोन्ही बाजू मुद्दाम दूर ठेवून त्या स्वाराच्या पायांच्या रेषेत आणल्या होत्या. चिमटा एकटा किती रोध करतो, याऐवजी तो स्वाराच्या पायांवरून वाहणारी हवा कशी वळवतो, याला येथे महत्त्व दिले गेले.

तुलना कशी केली जाते?

फ्रेमच्या चाचणीचे प्रमुख साधन म्हणजे विंड टनेल, अर्थात वाऱ्याचा बोगदा. त्यात सायकल संवेदनशील तराजूवर बसवून तिच्यावर ठरावीक वेगाने हवा सोडतात. सायकल उद्योगात ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, हा वेग रूढ आहे. रोध अनेकदा ‘ग्रॅम’मध्ये सांगितला जातो, या वेगाला १०० ग्रॅम रोध म्हणजे सुमारे १३ वॅट. याखेरीज संगणकावरील प्रवाह-गणित आणि बंदिस्त ट्रॅकवर शक्तिमापक लावून घेतलेल्या फेऱ्या, या पद्धतीही वापरात आहेत.

आकडे समोर आले तरी तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही.

पहिला प्रश्न वाऱ्याच्या कोनाचा. रस्त्यावर वारा क्वचितच नेमका समोरून येतो. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या स्वारावर ताशी ९ किलोमीटरचा आडवा वारा आला, तर त्याला हवा सुमारे १० अंशांच्या कोनातून लागते. ताशी ३५ किलोमीटरने जाणाऱ्याला तोच वारा १४ अंशांहून अधिक कोनातून लागतो. काही फ्रेम शून्य अंशाला उत्तम असतात, पण कोन वाढताच हवा त्यांच्या पृष्ठभागावरून सुटते. काही फ्रेमचा रोध मात्र ठरावीक कोनापर्यंत घटत जातो. जहाजाच्या शिडासारखा हा परिणाम असतो. त्यामुळे सर्व कोनांवरील मोजमापे वापरून, कोणता कोन किती वेळा येतो त्याप्रमाणे भारित सरासरी काढणे हीच न्याय्य पद्धत होय. फक्त सोयीच्या कोनाचा आकडा पुढे करणे दिशाभूल करणारे ठरते.

दुसरा प्रश्न स्वार होता की नाही, हा. एकूण रोधाचा साधारण ७० ते ८० टक्के भाग स्वाराच्या शरीराचा असतो. उरलेला भाग चाके, फ्रेम, हँडल व इतर साहित्यात विभागला जातो. रिकाम्या फ्रेमची चाचणी अचूक आणि पुन्हापुन्हा करता येण्याजोगी असते, पण हलणाऱ्या पायांमागे फ्रेमभोवतीचा प्रवाह पूर्णपणे बदलतो. स्वारासह केलेली चाचणी वास्तवाच्या जवळ जाते. परंतु स्वाराने मान किंचित खाली घेतली तरी दोन फ्रेममधील फरकापेक्षा मोठा बदल दिसू शकतो. यावर उपाय म्हणून सर्व्हेलो या कॅनडात स्थापन झालेल्या कंपनीने अमेरिकन टाइम ट्रायलपटू डेव्हिड झॅब्रिस्की याच्या शरीराचा फोमचा पुतळा बनवून चाचण्या केल्या.

तिसरा प्रश्न समान साहित्याचा. दोन्ही फ्रेमना तीच चाके, तेच टायर, तीच बाटली आणि हातांची तीच स्थिती नसेल, तर मोजला जाणारा फरक फ्रेमचा नसतो.

शरीराचे स्थान निर्णायक

फ्रेम आणि शरीराची ठेवण मिळून किती फरक पडू शकतो, याचे बोलके उदाहरण पुन्हा बोर्डमनचेच आहे. १९९६ मध्ये मँचेस्टर येथे हात समोर ताणून धरण्याच्या ‘सुपरमॅन’ पद्धतीने तो तासात ५६.३७५ किलोमीटर गेला. २००० मध्ये त्याच शहरात, १९७२ मधील एडी मर्क्सच्या सायकलसारख्या साध्या सायकलवर त्याने ४९.४४१ किलोमीटर अंतर कापले. मर्क्सपेक्षा केवळ १० मीटर अधिक. चार वर्षांनी वाढलेले वय हिशेबात धरले, तरी जवळपास ७ किलोमीटरची ही तफावत मुख्यतः साहित्याची आणि बसण्याच्या पद्धतीची होती.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील ग्रेंशेन येथे इटलीच्या फिलिप्पो गान्नाने नियमात राहून ५६.७९२ किलोमीटरचा विक्रम केला. त्याची पिनारेलो सायकल धातूच्या त्रिमितीय मुद्रणाने तयार केली होती. सीटखालील नळीवरील उंचवटे हंपबॅक देवमाशाच्या परांवरून सुचले होते.

वायुगतिकीलाही मर्यादा आहे. २०२० च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये १९ सप्टेंबर रोजी ३६.२ किलोमीटरच्या टाइम ट्रायलचा शेवट ‘ला प्लांश दे बेल फीय’ या चढावर होता. ५७ सेकंदांनी मागे असलेल्या स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने चढाच्या पायथ्याशी टाइम ट्रायलची सायकल सोडून हलकी रस्ता सायकल घेतली, आपलाच देशबांधव प्रिमोझ रोग्लिच याला १ मिनिट ५६ सेकंदांनी मागे टाकले आणि अखेर ५९ सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. चढावर वेग घटतो, हवेचा रोध कमी होतो आणि वजनाचे महत्त्व वाढते.

सारांश, ‘सर्वांत वेगवान फ्रेम’ असे एकच उत्तर संभवत नाही. कोणत्या वेगाला, वाऱ्याच्या कोणत्या कोनात, कोणत्या मार्गावर आणि कोणत्या स्वारासह, हे सांगितले तरच आकड्याला अर्थ येतो. स्वाराला वाऱ्यापुढे लहान होऊन, तरीही पूर्ण ताकदीने पॅडल मारत शर्यतभर बसता येईल, तीच त्याच्यासाठी उत्तम फ्रेम होय. नळ्यांच्या आकाराची निवड त्यानंतर येते.