अपडेटनंतर कॉम्प्युटरमधले प्रोग्राम गायब? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. तेव्हापासून घरातले, दुकानातले, शाळेतले जुने कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेण्याची घाई सुरू झाली. कुणी घरीच अपडेट केलं, कुणी दुकानातून करून आणलं. त्यानंतर बहुतेक ठिकाणी एकच तक्रार ऐकू येते : काल प्रोग्राम होता, आज नाही. अब्बांच्या दुकानाचा हिशोब ज्यात आहे ते टॅली दिसत नाही, उर्दू शाळेच्या प्रश्नपत्रिका ज्यात टाइप होतात ते इनपेज उघडत नाही, मुलीचा प्रोजेक्ट ज्यात आहे ते वर्ड सापडत नाही.

टोकावड्यासारख्या गावात दुरुस्तीवाला शेजारी नसतो. मशीन एसटीत घालून मुरबाडला न्यायचं, तिथे नाही जमलं तर कल्याणला. दुकानात गर्दी असते, वेळ कमी असतो आणि सगळ्यात सोपा इलाज सांगितला जातो, "फॉरमॅट मारून देतो." प्रोग्राम त्यानंतर परत टाकून मिळतो, पण त्यात केलेलं काम परत मिळेलच असं नाही. म्हणून आधी घरीच थोडी तपासणी करा. खाली दिलेल्या क्रमानेच करा, कारण सोप्या आणि बिनधोक गोष्टी आधी आहेत.

१. गेला आहे तो आयकॉन की प्रोग्राम?

डेस्कटॉपवर दिसणारं चित्र म्हणजे प्रोग्राम नव्हे. ती फक्त प्रोग्रामकडे जाणारी वाट आहे, तिला शॉर्टकट म्हणतात. वाट पुसली तरी घर जागेवरच असतं. १३ जानेवारी २०२३ ला हेच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या सुरक्षा प्रोग्रामच्या एका अपडेटमध्ये चूक झाली आणि अनेक कंपन्यांच्या, ऑफिसांच्या कॉम्प्युटरवरचे शॉर्टकट एका दिवसात पुसले गेले. प्रोग्राम मात्र हार्ड डिस्कवर शाबूत होते.

- डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करा, 'व्ह्यू' मध्ये जा आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' समोर टिक आहे का बघा. नसेल तर एका क्लिकमध्ये सगळं परत दिसतं.
- स्टार्टचं बटण दाबून प्रोग्रामचं नाव टाइप करा. सापडला तर त्यावर राइट क्लिक करून टास्कबारवर पिन करा.
- 'सेटिंग्ज', मग 'अ‍ॅप्स', मग 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' ही यादी उघडा. नाव यादीत असेल तर प्रोग्राम मशीनमध्ये आहे असं समजा.
- यादीत नसेल तर सी ड्राइव्हमध्ये 'प्रोग्राम फाइल्स' नावाची दोन फोल्डर बघा. एकाच्या नावापुढे एक्स८६ लिहिलेलं असतं, जुने प्रोग्राम बहुधा त्यात असतात. काही प्रोग्राम थेट सी ड्राइव्हवर स्वतःचं फोल्डर करतात, जुनं टॅली तसंच बसवलेलं असतं.

फोल्डरमध्ये प्रोग्राम सापडला तर त्याच्या मुख्य फाइलवर राइट क्लिक करा. विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स', मग 'सेंड टू', मग 'डेस्कटॉप' असं जा. नवा शॉर्टकट तयार होतो.

२. तुम्ही तुमच्याच खात्यात आहात ना?

डेस्कटॉप एकदम कोरा, वॉलपेपर बदललेलं, स्टार्ट मेन्यू नव्या मशीनसारखा, असं दिसलं तर कॉम्प्युटर तात्पुरत्या खात्यात उघडलेला असू शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर अनेकांना हाच अनुभव आला. लोकांना वाटलं सगळं पुसलं गेलं, पण त्यांचं खरं खातं सी ड्राइव्हच्या 'युजर्स' फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने तसंच होतं.

अशा वेळी मशीन दोन-तीन वेळा नीट रीस्टार्ट करा. खरं खातं परत येईपर्यंत तिथे काहीही नवीन काम सेव्ह करू नका. तात्पुरत्या खात्यात ठेवलेली फाइल साइन आउट करताच जाते.

दुसरी शक्यता वनड्राइव्हची. अपडेटनंतर सेटअप करताना न वाचता 'नेक्स्ट' दाबत गेलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलवली जाऊ शकतात. फाइल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्ह उघडून आतलं 'डेस्कटॉप' फोल्डर बघा. बऱ्याचदा हरवलेलं सामान तिथेच असतं. मोफत जागा ५ जीबीच मिळते, हेही लक्षात ठेवा.

३. अँटिव्हायरसने उचलला का?

अपडेटनंतर डिफेंडर नव्याने चालू होतो आणि ज्या फाइलवर संशय येईल ती बाजूला ठेवतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये जा आणि 'प्रोटेक्शन हिस्टरी' बघा. प्रोग्रामचं नाव तिथे असेल तर कारण सापडलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे ऑफिस, इनपेज, फोटोशॉप यांच्या क्रॅक केलेल्या कॉपी सर्रास टाकून दिल्या जातात. लायसन्सला चकवणारी फाइल डिफेंडर पहिल्यांदा पकडतो आणि प्रोग्राम बंद पडतो. ती फाइल 'रीस्टोअर' करण्याची घाई करू नका, अशा फाइलींतून खरा व्हायरसही येतो. पत्रं, अर्ज, मार्कशीटचे तक्ते एवढंच काम असेल तर लिबरऑफिस हा प्रोग्राम मोफत आणि कायदेशीर आहे, मराठी-उर्दू दोन्ही त्यात लिहिता येतं आणि वर्डच्या फाइली उघडतात.

४. काही प्रोग्राम कंपनीनेच काढले आहेत

ते कितीही शोधले तरी सापडणार नाहीत. नेहमीच्या वापरातले हे :

- इंटरनेट एक्सप्लोरर : १५ जून २०२२ ला सपोर्ट संपला, विंडोज ११ मध्ये तो नाही. एखादी जुनी वेबसाइट त्याच्याशिवाय चालत नसेल तर एज ब्राउझरमध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' चालू करता येतो.
- वर्डपॅड : विंडोज ११ च्या २०२४ मधल्या मोठ्या अपडेटपासून काढून टाकलं. त्यातल्या फाइली वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये उघडतात.
- मेल आणि कॅलेंडर : ३१ डिसेंबर २०२४ ला बंद, त्याजागी नवं आउटलुक आलं.
- स्काइप : ५ मे २०२५ ला बंद.
- पेंट थ्रीडी : नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टोअरवरून काढलं. साधं पेंट मात्र आहे.

कधी चुकूनही प्रोग्राम जातो. मार्च २०२५ च्या अपडेटने काही कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्टचंच कोपायलट हे अ‍ॅप निघून गेलं. कंपनीने चूक मान्य केली आणि स्टोअरमधून परत घ्यायला सांगितलं. स्टोअरमधून घेतलेलं कुठलंही अ‍ॅप असं गेलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडून 'लायब्ररी' बघा, पूर्वी घेतलेल्या अ‍ॅपची यादी तिथे असते.

५. उर्दू-मराठी टायपिंगच बंद पडलं तर

आपल्या घरांत ही अडचण जास्त येते, कारण आपण दोन लिप्यांत काम करतो. उर्दू टाइपसेटिंग हा नस्तालिक फॉन्ट आणि मराठीचा जुना मंगल फॉन्ट विंडोज १० पासून जादा फॉन्टमध्ये गेले आहेत. भाषा जोडलेली असेल तरच ते येतात. म्हणून जुनी फाइल उघडते पण अक्षरं वेगळीच दिसतात, आणि माणसाला वाटतं प्रोग्रामच बिघडला.

उपाय असा : 'सेटिंग्ज' मध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन', तिथे उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा जोडा. इंटरनेट चालू ठेवा, फॉन्ट आपोआप उतरतात. नाही उतरले तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'ऑप्शनल फीचर्स' टाइप करा आणि अरेबिक व देवनागरीचे सप्लिमेंटल फॉन्ट निवडा. कीबोर्ड बदलायला विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबा.

जुन्या इनपेजची गोष्ट वेगळी आहे. त्याची फाइल युनिकोडमध्ये नसते, त्यामुळे इनपेज नसलेल्या कॉम्प्युटरवर ती वाचताच येत नाही. निकाहचा दावतनामा असो की दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, फाइल शाबूत असूनही कुलुपात अडकते. प्रोग्राम चालतोय तोवर महत्त्वाच्या फाइलींचं युनिकोडमध्ये रूपांतर करून ठेवा, निदान प्रत्येकीची पीडीएफ तरी काढा. श्रीलिपीसारखी जी सॉफ्टवेअर डोंगलवर चालतात, त्यांच्या डोंगलचा ड्रायव्हर अपडेटनंतर नव्याने टाकावा लागू शकतो. तो कंपनीकडूनच मागा.

६. बत्तीस बिटवरून आलेल्यांसाठी

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. तुमचं विंडोज १० जर ३२ बिटचं असेल तर त्यावर नुसतं अपडेट चढत नाही, सिस्टिम नव्याने टाकावी लागते आणि सगळे प्रोग्राम जातातच. शिवाय फार जुने १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत. म्हणून बदल करण्याआधी 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' इथे 'सिस्टिम टाइप' वाचा. ३२ बिट लिहिलं असेल तर आधी बॅकअप, मग बाकीचं.

ॲपलच्या कॉम्प्युटरवरही असंच झालं. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२ बिटचे सगळे प्रोग्राम बंद झाले.

७. दुरुस्ती आणि माघार

प्रोग्राम यादीत आहे पण उघडत नाही, अशा वेळी 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' मध्ये त्याच्या नावासमोरचे तीन ठिपके दाबा. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' दिसत असेल तर आत 'रिपेअर' आणि 'रीसेट' अशी दोन बटणं असतात. रिपेअरने डेटा जात नाही, रीसेटने त्या अ‍ॅपचा डेटा पुसला जातो. आधी रिपेअरच दाबा.

विंडोज १० वरून ११ वर गेला असाल आणि काहीच जुळत नसेल, तर १० दिवसांच्या आत माघारी येता येतं. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' इथे 'गो बॅक' असतं. तुमच्या फाइली राहतात, अपडेटनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात. जुनी सिस्टिम सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि १० दिवसांनी आपोआप पुसली जाते. जागा भरली म्हणून ते फोल्डर लगेच साफ करू नका. प्रोग्राम त्यातून नुसता कॉपी करून चालत नाही, पण राहून गेलेल्या फाइली मिळू शकतात.

छोट्या मासिक अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर 'विंडोज अपडेट', 'अपडेट हिस्टरी', 'अनइन्स्टॉल अपडेट्स' या वाटेने तेवढंच अपडेट काढता येतं.

८. दुकानात न्यायचीच वेळ आली तर

या तीन गोष्टी स्पष्ट सांगा आणि शक्य असेल तर समोर उभे राहून करून घ्या.

- आधी माझा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, मग मशीनला हात लावा.
- फक्त डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप कॉपी करून भागणार नाही. टॅलीप्राइमचा डेटा बहुधा 'युजर्स' मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये असतो, जुन्या टॅलीचा त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. टॅली चालू असताना कंपनी निवडण्याच्या पानावर डेटाचा पत्ता दिसतो, तो आजच वहीत लिहून ठेवा.
- 'रीसेट धिस पीसी' करणार असाल तर 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी प्रोग्राम जातात, हे मला माहीत आहे. काय काय गेलं त्याची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवतं, ती पुसू नका.

९. पुढच्या अपडेटआधी

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली खरोखरच पुसल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच ते अपडेट थांबवावं लागलं, ते पुन्हा आलं नोव्हेंबरमध्ये. म्हणजे बहुतेक वेळा नुकसान होत नाही, पण कधी होणार नाही असं नाही. म्हणून :

- हिशोब, प्रश्नपत्रिका, दाखले, फोटो यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवा.
- 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' च्या यादीचे मोबाइलवर फोटो काढा. नंतर काय गेलं ते लगेच कळतं.
- लायसन्सचे नंबर, ईमेल आणि पासवर्ड घरातल्या एका वहीत लिहा. ती वही अम्मीला किंवा थोरल्या मुलीलाही माहीत असू द्या.
- पावसाळ्यात लाइट जात-येत असताना मोठं अपडेट सुरू करू नका. लॅपटॉप चार्जरला लावून, डेस्कटॉप इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर ठेवूनच करा.
- मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट वापरत असाल तर त्या नेटवर्कला 'मीटर्ड कनेक्शन' करा. डेटा वाचतो आणि अपडेट मनाविरुद्ध उतरत नाही.
- परीक्षा, फॉर्मची शेवटची तारीख किंवा जीएसटी भरण्याचे दिवस जवळ असतील तर 'पॉज अपडेट्स' दाबून अपडेट काही आठवडे पुढे ढकला. कायमचं बंद मात्र करू नका, सुरक्षेची दुरुस्तीही त्यातूनच येते.

ज्यांचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकत नाही, त्यांच्यासाठी घरगुती वापराच्या विंडोज १० ला नोंदणी केल्यावर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. 'विंडोज अपडेट' च्या पानावरच नोंदणीचा पर्याय दिसतो.