दात्याची जात विचारणाऱ्यांना बाबासाहेबांचं उत्तर

मूल होत नाही म्हणून शुक्राणू बँकेकडे जाणारी काही जोडपी दात्याची जात विचारतात, हे बातम्यांतून अनेकदा आलं आहे. प्रयोगशाळा नवी, पण प्रश्न मनूचाच. आणि त्याचं उत्तर बाबासाहेबांनी १९३६ मध्येच देऊन ठेवलं आहे.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण मंडळाने होऊ दिलं नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्या काळी युरोप-अमेरिकेत सुप्रजननशास्त्राचा बोलबाला होता. जातीचे समर्थकही म्हणू लागले होते, की जात रक्त शुद्ध ठेवते. बाबासाहेबांनी दे. रा. भांडारकरांच्या संशोधनाचा आधार घेऊन हा दावा खोडला. परकीय मिश्रण नाही असा वर्ग इथे शोधूनही सापडणं कठीण. शिवाय प्रश्न रक्ताचाच असेल, तर रोटीबंदी कशासाठी? एका पंगतीत जेवल्याने रक्त बदलतं का?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे पक्कं झालं १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी. आज गुणसूत्र तपासणीत त्यांची संख्या आणि रचना दिसते. गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेला पुरुष स्वतः धडधाकट असू शकतो. पण त्यातून वारंवार गर्भपात होऊ शकतात, बाळात दोष येऊ शकतो. म्हणून दात्याची ही तपासणी महत्त्वाची. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांत दात्यासाठी नावानिशी सांगितलेले आजार मात्र चारच: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिस. जोडप्याने जातीऐवजी गुणसूत्रांचा अहवाल मागावा. त्या अहवालात जात दिसत नाही. ब्राह्मणाचीही ४६, आपलीही ४६.

आता थोडं आपल्याबद्दल. विदर्भात सिकलसेल आदिवासींमध्ये आढळतो, तसा पूर्वाश्रमीच्या महार समाजातही आढळतो. तो गुणसूत्र तपासणीत दिसत नाही; त्याची रक्ततपासणी वेगळी असते. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. जातीतच लग्नं होत राहिली, की असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणजे जात रक्त शुद्ध तर करत नाहीच, उलट आजार घरातल्या घरात फिरवत ठेवते.

पण वाहक असणं हा कलंक नव्हे. तपासणी आजार टाळण्यासाठी आहे, माणसांची प्रतवारी लावण्यासाठी नाही. नाहीतर उद्या शुद्धतेचं सोवळं अहवालाच्या कागदावर परत येईल. तपासणी करून घ्या, आणि जातीबाहेर लग्न करणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहा.

जय भीम!