उतारवयातील रक्तदाब : एका समजुतीचा इतिहास

‘वय झाले की रक्तदाब वाढायचाच, त्याला हात लावू नये,’ हे वाक्य आपण वडीलधाऱ्यांकडून अनेकदा ऐकले आहे. ही केवळ अडाण्यांची समजूत असती तर तिचा इतिहास सांगण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु एके काळी मोठमोठे डॉक्टरही हेच म्हणत. अरुंद झालेल्या रोहिण्यांतून रक्त पोचावे म्हणून शरीरानेच दाब वाढविलेला असतो, तो उतरविणे म्हणजे रोग्याचा घात करणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९३१ साली लिव्हरपूलच्या जॉन हे यांनी तर दाब उतरवू पाहणाऱ्यांना मूर्खांतच काढले होते.

या मताची किंमत काय, हे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या उदाहरणावरून कळते. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रूएन या हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा दाब १८६/१०८ होता आणि हृदय थकले होते. डिजिटॅलिस, अळणी आहार व विश्रांती यांनी हृदयाला उतार पडला. पण दाब उतरविणारे भरवशाचे औषधच नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन त्रेसष्टाव्या वर्षी ते गेले. त्या दिवशीचा दाब ३००/१९० होता.

पुढे औषधे आली. त्यांत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा गुण ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. तरीही वृद्धांविषयीची भीती गेली नाही. ती घालविली ती प्रत्यक्ष प्रयोगांनी. १९९१ साली अमेरिकेत साठीपुढील ४,७३६ रोग्यांवरील प्रयोगात औषधाने पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २००८ साली ऐंशीच्या पुढील ३,८४५ रोग्यांच्या प्रयोगात हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी उतरले.

मग जुने लोक सर्वस्वी चुकले काय? तसे म्हणता येत नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यत्वे दोन ठोक्यांमधील विसाव्यात. म्हणून रोहिण्या अरुंद झालेल्या रोग्याचा खालचा दाब फार उतरविणे घातक ठरू शकते. उठून उभे राहताच भोवळ येऊन पडलेल्या म्हाताऱ्याला उत्तम आकड्याचा काय उपयोग? म्हणून डॉक्टर औषध थोडक्यापासून सुरू करतात, हळूहळू वाढवितात आणि उभे करूनही दाब मोजतात.

भीतीने औषध टाळू नये आणि उत्साहाने मनानेच वाढवूही नये, एवढा बोध या इतिहासातून आपण घरी नेला तरी पुष्कळ झाले.